जिन्यातला खोकला

"यांनी सिगरेट सोडली, रंधा मारताना मास्क लावतात, भुस्सासुद्धा झाडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतात. तरी रोज संध्याकाळी घराच्या जिन्यात खोकला येतोच!" सुताराची बायको एका दमात बोलून गेली. "एवढं करून उपयोग काय, डॉक्टर?"

डॉक्टरीणबाईंनी सुताराची छाती पुढून-मागून तपासली, नळीत जोरात फुंकायला लावलं. "छाती तर एकदम स्वच्छ आहे. रात्री झोपेत खोकतात?"

"छे! फक्त जिन्यात. दाराशी आले की."

डॉक्टरीणबाईंनी तिला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि सुताराकडे रोखून पाहिलं. "आता खरं सांगा. परत ओढायला लागलात ना?"

"शप्पथ नाही!" सुतार मान खाली घालून हसला. "खोकला दोन महिन्यांपूर्वीच गेला. एक दिवस न खोकता वर पोचलो, तर ही आत गात होती. वीस वर्षांच्या संसारात मला पत्ताच नव्हता हो! पण मला बघून अशी लाजली, की आठवडाभर तोंडातून सूर नाही. शेवटी मी जिन्यात खोटं खोटं खोकायला लागलो, तेव्हा कुठे हिचा गळा परत मोकळा झाला."

"म्हणजे रोज मुद्दाम खोकता?"

"हो. पण आधी पायरीवर बसून गाणं ऐकतो. ते संपलं, की मगच."