चौसष्ट खोल्यांची मोजणी

आकांक्षाने बादलीचं झाकण उचललं आणि वाकून आत पाहिलं. मेथीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं. प्लास्टिकचा एक कपटाही नव्हता.

"सांगून आली असतीस तर बादली तरी घासून ठेवली असती," राधाबाई म्हणाल्या.

सांगून यायचंच नव्हतं. प्रकल्पांचा परिणाम मोजणं हे आकांक्षाचं काम होतं. किती शिबिरं झाली, किती पत्रकं वाटली, याच्याशी तिला देणंघेणं नसे. माणसांच्या रोजच्या वागण्यात काय बदललं, तेवढंच ती बघायची. आतापर्यंत तिने तीन प्रकल्प तपासले होते आणि तिन्ही अहवालांच्या शेवटी 'अपेक्षित बदल आढळला नाही' असं लिहावं लागलं होतं. तिन्ही बंद पडले. ऑफिसात तिला 'कुलूपवाली' म्हणत. ती हसून सोडून द्यायची, पण घरी गेल्यावर तो शब्द आठवायचा.

या वेळी कचऱ्यापासून खत करण्याचा प्रकल्प होता. दोन वर्षं झाली होती. आणखी दहा चाळींत न्यायचा की इथेच थांबवायचा, हे मोजणीवर ठरणार होतं. तिचे साहेब हितेंद्र यांनी तिला भोईवाड्यातल्या बुधाजी चाळीचा पत्ता, चौसष्ट खोल्यांची यादी आणि दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीचे आकडे दिले होते. तेव्हा ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणारी घरं होती पाच. एक ताकीदही दिली होती: कुठल्याही प्रकल्पाचं, संस्थेचं नाव काढायचं नाही. नाव ऐकलं की माणसं समोरच्याला आवडेल तेच बोलतात.

म्हणून ती फक्त कचऱ्याबद्दल विचारत होती आणि लोकांच्या उत्तरावर न थांबता बादल्या उघडून बघत होती.

पहिल्या मजल्यावर सोळापैकी सोळा घरांत दोन बादल्या. आकांक्षाला शंकाच आली. आपण येणार हे कुणीतरी आधीच कळवलं असावं. मग ती दुसरा मजला सोडून थेट तिसऱ्यावर गेली. तिथेही तेच. कुणाची बादली रंगाच्या जुन्या डब्याची, कुणाची कडी मोडलेली, पण कचरा वेगळा.

दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसलेल्या भिवा आजोबांनी तिला थांबवलं. गिरणीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. सुरुवातीला आपणच सगळ्यात जास्त भांडलो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. कुजकं घरात ठेवणार नाही, म्हणून बादली जिन्यातून खाली भिरकावली होती. आता गच्चीवरची खताची पिंपं रोज सकाळी तेच ढवळत. चाळीतून आधी अकरा ड्रम कचरा जायचा, आता दोनच जातात, हे सांगताना ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

आकांक्षाने खाली जाऊन ड्रम मोजले. दोनच होते.

"हे सगळं सुरू कसं झालं?" तिने राधाबाईंना विचारलं.

"माझी लेक, दीपिका. समोरच्याच चाळीत दिलीय तिला. ती करायची, ते बघून मी केलं. माझं बघून हिने," राधाबाईंनी शेजारणीकडे बोट दाखवलं. "मग कोण कुणाचं बघतोय, ते मोजायचं राहिलं. तू मोज आता."

आकांक्षाने लिहून घेतलं. आईला लेकीने शिकवलं, ही नोंद अहवालात नक्की घालायची, असं तिने ठरवलं.

शेवटची खोली झाली तेव्हा एक वाजला होता. तिला वाटलं आता निघावं, पण राधाबाईंनी तिचा हात धरला आणि सरळ गच्चीवर नेलं. रविवार होता. गच्चीवर पिकलेल्या भाजीचं जेवण महिन्यातून एकदा सगळी चाळ मिळून करायची. थर्मोकोलच्या खोक्यांत वांगी लटकली होती, कठड्याच्या कडेने अळू माजलं होतं. भिवा आजोबांनी पिंपातली मूठभर काळी माती तिच्या तळहातावर ठेवली. तिने भीतभीत वास घेतला. नुसत्या ओल्या मातीचा वास.

"खा गो, लाजतंस कित्याक?" म्हणत राधाबाईंनी तिच्या पानात अळूवडीची दुसरी रास वाढली. पलीकडच्या पंगतीत कुणीतरी पेटी काढली आणि बायका भात कालवता कालवताच गायला लागल्या. आकांक्षाला कुणी 'तू कोण, कुठली' असं विचारलंसुद्धा नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच ती मोजणीच्या जागी पोटभर जेवली.

हात धुऊन ती कठड्याशी गेली आणि हितेंद्रना फोन लावला.

"सर, चौसष्टपैकी एकसष्ट. दोन खोल्या बंद आहेत आणि एकीत कालच नवे भाडेकरू आलेत. सगळं स्वतः उघडून बघितलंय. इतका चांगला निकाल मी कधी लिहिला नाहीये. दहा काय, पन्नास चाळी मागा."

हितेंद्रनी चाळीचं नाव विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने यादीवरचं नाव वाचून दाखवलं.

मग हितेंद्र हसायला लागले. खूप वेळ हसत राहिले.

"आकांक्षा, मुद्दामच सांगितलं नव्हतं तुला," ते म्हणाले. "आपला प्रकल्प रस्त्यापलीकडच्या चाळीत आहे. ही चाळ फक्त तुलनेसाठी घेतली होती. प्रकल्प नसला तर काय होतं, ते कळावं म्हणून. पहिल्या पाहणीनंतर आपलं कुणीही तिथे फिरकलेलं नाही."