उजव्या हाताला पाहा

"आजची फेरी शेवटची, बाई. म्हणजे तुमची, माइकवरची," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

गाईडबाईंना हसू आलं नाही. धक्क्याला बोट लागली होती, लोक चढत होते आणि साहेबांच्या काखेत एक काळी पेटी होती. साहेब कंपनीच्या मुख्य कचेरीतून आले होते. कंपनीच्या बोटी जगभरातल्या आठ शहरांच्या नद्यांवर पर्यटकांना फिरवत होत्या. त्यातल्या सात शहरांत ही पेटी केव्हाच बोलू लागली होती. राजवाडा आला की राजवाड्याचा इतिहास, पूल आला की पुलाचा. भाषा निवडा, कानाला लावा आणि निवांत बसा.

"सात आठवडे थांबा, साहेब," बाई म्हणाल्या. "हंगाम संपला की हे निवृत्त होतायत. त्यांच्याबरोबर मीही घरी बसते. मग काय लावायचं ते लावा."

'हे' म्हणजे बोटीचे कप्तान. एकोणतीस वर्षं एकच नदी, एकच बोट आणि एकच बायको, असं ते स्वतःच सांगत. साहेबांनी त्यांच्यापुढे हात केला. कप्तान नदीकडे तोंड करून तसेच उभे राहिले.

"तेलकट आहेत हो हात त्यांचे," बाई घाईघाईने म्हणाल्या. नवऱ्याचा दंड धरून त्या त्यांना फळीवरून बोटीत घेऊन गेल्या.

"या वयातसुद्धा हातात हात!" खिडकीतून तिकीटवाली ओरडली. "आमचे हे रस्त्यात ओळखसुद्धा देत नाहीत."

"बायकोच्या शब्दाबाहेर जात नाही मी," कप्तान म्हणाले. सगळे हसले, साहेबही.

कप्तानांची केबिन मागे, उंचावर. बाईंची जागा अगदी पुढे. मध्ये साठ खुर्च्या आणि चालायला जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट. पहिल्या पुलापर्यंत बाईंनी बोलायचं आणि तिथून पुढे पेटीने, असं ठरलं होतं. तुलना करायला बरं, असं साहेबांचं म्हणणं.

"उजव्या हाताला पाहा, जुनं धान्याचं कोठार. भिंतीपासून आपण वीस पावलांवर आहोत. आणि समोरून एक पांढरी होडी येतेय, आपल्या डाव्या अंगाने जाईल. हात करा बरं तिला!"

प्रवाशांनी हात केले. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.

"कोठार कुणी बांधलं, कधी बांधलं, काही पत्ता नाही. नुसती पावलं! लोक शहर बघायला येतात हो, जमीन मोजायला नाही."

"लोकांना आवडतं," बाई माइकवर हात ठेवून म्हणाल्या.

"आवडतं? एका प्रवाशाने लिहून दिलंय, तासाभरात सतरा होड्यांना हात करायला लावला म्हणे. खांदा धरला त्याचा." साहेबांचा आवाज जरा मऊ झाला. "पूर्वी काय रंगवून सांगायचात तुम्ही! मीच ऐकलंय. गेल्या वर्षभरात झालंय तरी काय?"

"वय झालं," बाई म्हणाल्या. त्यांची नजर पुढच्या पाण्यावर होती. "आता पूल. मधल्या कमानीखालून जातोय आपण. डावा खांब जरा जवळ आहे बघा. हां, आता ठीक."

पूल मागे पडला. साहेबांनी त्यांच्या हातातून माइक घेतला, पेटी सुरू केली आणि कर्ण्याची वायर काढून टाकली.

"मागचा कर्णा?" बाईंनी विचारलं.

"तोही बंद. कप्तानांना कशाला हवी कटकट? सुटले एकदाचे!"

बोट एकदम शांत झाली. साठ माणसांनी एकाच वेळी उजवीकडे माना वळवल्या, एकाच वेळी मान डोलावली. पेटी उत्तम बोलत असणार. साहेब खुशीत होते.

पुढे नदीला वळण होतं आणि वळणावर दुसरा पूल. तीन कमानी, त्यातल्या दोन बुटक्या. बाईंनी मागे वळून केबिनकडे पाहिलं.

"साहेब, एक मिनिट माइक द्या."

"कशाला?"

"ह्यांना काहीतरी सांगायचंय."

"घरी गेल्यावर सांगा की! आता वेळच वेळ आहे तुम्हाला."

बाई उठल्या आणि मागे निघाल्या. साहेब त्यांच्या वाटेत आडवे उभे राहिले. "चालू बोटीत केबिनमध्ये जायचं नाही. दर फेरीला तुम्हीच सांगता ना हे? बसा. नोकरी गेली म्हणून असा त्रागा बरा नाही."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं, पण ते सात आठवडे आडवे आले. एकोणतीस वर्षांत ह्यांच्या नावावर साधा ओरखडा नाही. शेवटी काय म्हणून घरी पाठवतील त्यांना? पाया पडते, असंसुद्धा त्या म्हणाल्या. साहेब संकोचले, पण बाजूला झाले नाहीत.

डाव्या खांबावरचं शेवाळ आता स्पष्ट दिसत होतं. पहिल्या रांगेतल्या एका प्रवाशाने कानावरचं काढलं आणि तो बाईंकडे बघू लागला. बाईंनी साहेबांना दोन्ही हातांनी ढकललं.

त्याच क्षणी डोक्यावरचा, केबिनमधून बोलायचा वेगळा कर्णा खरखरला. कप्तानांचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं, गप्प का झालीस? पूल कुठे आहे?"