दहा मिनिटांचा सीन

महान कलाकृतीतला खोल अर्थ माणसाला आतून बदलतो, असं कंपनीचं ठाम मत होतं. म्हणून पॅकिंगच्या बायकांना सुट्टीच्या दिवशी सक्तीने बोलावून कॅन्टीनमध्ये पिक्चर दाखवण्यात आला. दोनशे वर्षांनंतरचा कारखाना, मानेवर नंबर गोंदलेले गुलाम, शेवटी बंड आणि भरपूर स्फोट.

"बोला, काय शिकलात?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं. "मनात असेल ते बोला, घाबरू नका."

मावशी उठल्या. शेजारी त्यांची सून अवघडून बसली होती. तिला सातवा लागला होता.

"साहेब, ते गुलाम संडासात आतून कडी लावून दहा मिनिटं कट शिजवतात, तरी कुणी दार वाजवत नाही. आमच्या हिला मात्र तीन मिनिटं झाली की बाहेर शिट्टी वाजते. निदान गुलामांएवढं तरी बसू द्या की!"

बायका खो खो हसल्या. साहेबही हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"मावशी, पिक्चर खरा कळला तो तुम्हालाच."

सोमवारी बायकांच्या संडासाच्या दाराला आतली कडी नव्हती.