स्वातंत्र्याचा नारळ

अंथुर्णे गावात अभ्यासिका चालवणाऱ्या रविराजदादानं तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांवरचं विंडोज पुसून कुणालाही फुकट, मुक्तपणे वापरता येणारं लिनक्स टाकलं. मशीनला हळदीकुंकू लावलं, फोडायला नारळ हातात घेतला आणि जमलेल्या पोरापोरींपुढं तो तापला.

"अमेरिका गरीब देशात घुसती. म्हनती, तुमाला स्वातंत्र्य द्यायला आलोय. आन् नको म्हनलं की बाँब टाकती! तिच्या विंडोजची गुलामी आपल्या हितं आजपास्नं बंद!"

त्या पोरांतला समाधान भीत भीत उठला. "दादा, एका मशीनवर तरी विंडोज ऱ्हाऊ द्या. सोमवारी बारामतीत माझी टायपिंगची परीक्षा हाय. ती विंडोजवरच असती."

रविराजनं त्याचा हात टेबलावर दाबून धरला आणि तोच नारळ त्याच्या बोटांवर घातला. पुन्हा घातला. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. समाधान गुरासारखा ओरडला, कीबोर्ड रक्तानं भरला.

"फुकटात स्वातंत्र्य देतोय, तर नको म्हनतो व्हय रं?"

मग त्यानं नारळ रुमालानं पुसला आणि पोरांकडं वळला.



"हां, तर अमेरिकेचं काय सांगत व्हतो मी?"