अंगदचा रूम पार्टनर

उंची तिसऱ्यांदा विचारली गेली तेव्हा सोमेश्वरच्या हातातली पोह्यांची बशी जराशी कलली.

"पाच फूट आठ," तो म्हणाला.

शनिवारी अंगदच्या आईने, मुक्ताबाईंनी विचारलं होतं. मग अंगदच्या धाकट्या बहिणीने, प्रियदर्शनीने. आता रविवारी वनमालाआत्या विचारत होत्या, आणि त्या नुसतं उत्तर ऐकून थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याला उभं केलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बसा म्हणाल्या.

बीडला तो पहिल्यांदाच आला होता, तेही दोनच दिवसांसाठी. बोलावणं मुक्ताबाईंचं. महिनाभर फोनवर एकच धोशा, या खेपेला सोमेश्वरला घेऊनच ये. पुण्यात तो आणि अंगद चार वर्षं एका घरात राहत होते, एकमेकांचे होऊन. बीडपुरता मात्र तो रूम पार्टनर. एसटीने कडा गाव मागे टाकलं तसा अंगद खालच्या आवाजात म्हणाला होता, "घरात कळलं, तर बापू मला पुन्हा उंबरा शिवू द्यायचे नाहीत. तोलून बोल."

तो तोलूनच बोलत होता. अडचण एवढीच, की बोलतं करणारी माणसं फार होती.

पहिली धास्ती शुक्रवारी रात्री, आल्या आल्या, गाद्यांनी घातली. दोघांना एकाच खोलीत टाकतील असं त्याने धरलं होतं. मुक्ताबाईंनी त्याची गादी पुढच्या खोलीत घातली, अंगदची माडीवर, आणि मधल्या दाराला स्वतः कडी लावली. सोमेश्वरने अंगदकडे पाहिलं. अंगदने भिंतीकडे.

मग चौकशी सुरू झाली. गाव कोणतं? सांगोल्याकडचं. वडील? धुळाजी. आधी मेंढरं होती, आता शेती. बापूंनी, म्हणजे अंगदच्या वडिलांनी, राधाकिशनरावांनी, मेंढरं चारायला कुठवर न्यायचे तेही खोदून विचारलं. घरात कुणाला साखर, बीपी? गुटखा? पुण्यातच राहणार, की परदेशाचं डोक्यात आहे? रूमवर स्वयंपाक कोण करतं? हा शेवटचा आत्यांचा. आळीपाळीने, असं तो म्हणाला. आत्यांनी मान हलवली, पण ती पसंतीची की नापसंतीची, याचा पत्ता लागला नाही.

शनिवारी संध्याकाळी नारायणगडाला दर्शनाला नेलं. पायरीवर त्याला एकट्याला उभं करून प्रियदर्शनीने फोटो काढला. मामाला पाठवायचाय, म्हणाली. अंगद या घरात आल्यापासून मुका झाला होता. सोमेश्वरला वाटलं, आपली दोघांची कुठलीशी गोष्ट यांच्या हाती लागली आहे आणि आता पुरावे गोळा होताहेत.

रविवारी दुपारी मामा स्वतःच आले. विठ्ठलराव, शिरूर कासारचे, मिशा भारदस्त. बापूंनी अंगदला परतीची तिकिटं काढायला स्टँडवर पिटाळलं. तो गेल्यावर मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"जातीपातीचं आमी आता काढत न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या आईला इचारून आलाव ना हिकडं?"

सोमेश्वर हो म्हणाला. स्वयंपाकघरात आत्या प्रियदर्शनीला विचारत होत्या, कसा वाटला गं. तिचं उत्तर पुढच्या खोलीत स्वच्छ ऐकू आलं. "चांगला हाय. पर लई लाजतो."

तेव्हा त्याला उलगडलं. ही चौकशी नव्हती. हा बघण्याचा कार्यक्रम होता, आणि पोहे खाणारा मुलगा तो होता.

एवढ्यात मुक्ताबाई ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात नारळ, टॉवेल, टोपी, कुंकवाची कोयरी. टोपी एकदा डोक्यावर बसली की गोष्ट ठरल्यात जमा. नुसतं नाही म्हणावं, तर कावून न्हाई, असं चौघं चार बाजूंनी विचारणार, आणि त्या प्रश्नाच्या टोकाला अंगद उभा. अंगद फोन उचलत नव्हता.

"तुमचं कुठं ठरलेलं तर न्हाई ना?" आत्यांनी विचारलं. रीतीपुरतंच.

"ठरलंय," सोमेश्वर म्हणाला.

ताट हवेत थांबलं.

एकदा तोंड उघडल्यावर मग तो थांबला नाही. मुलगी त्याच्या स्वतःच्या मामाचीच, मोहिनी. दिवाळीत साखरपुडा झाला. चारशे माणूस जेवलं. लग्न मे महिन्यात, कार्यालय बघून ठेवलंय, घोडाही सांगितलाय. घोडा कुठून आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने मोबाइलमधला मोहिनीचा फोटोही दाखवला. सगळ्यांनी तो हातोहात पाहिला, पोरगी देखणी आहे असं विठ्ठलराव म्हणाले, आणि कुणीच त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

"अंगदला ठाव हाय का हे?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"आहे की. तोच तर धावपळ करतोय सगळी."

मुक्ताबाई ताट घेऊन आत गेल्या. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मामांना एकदम शिरूरची गाडी आठवली. कुणी रागावलं नाही, आवाज चढवला नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा सोमेश्वरने पोटभर श्वास घेतला. अंगदचा उंबरा वाचला होता.

राधाकिशनराव त्याला अंगणात घेऊन गेले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की सोमेश्वरलाच राहवेना.

"बापू, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "प्रियदर्शनीला माझ्यापेक्षा शंभरपट चांगला मुलगा मिळेल."

राधाकिशनरावांनी मान वर केली.

"तिचं कुणी काढलं?" ते म्हणाले. "आमी तुमाला अंगदसाठी बघत होतो."