फाटकापासून रस्त्यापर्यंत

हॉस्पिटलातून घरी आल्यापासून वडिलांनी टुमणंच लावलं होतं, इंग्लंडच्या सफक परगण्यातली जुनी गावं बघायची. शेवटी शनिवारी हेस्टरने त्यांना गाडीत बसवलं.

"आईला घ्यायचं ना बरोबर?"

"विनीला राहू दे घरी. तिचे गुडघे धरलेत."

पण बघायचं म्हणजे काय, तर पडक्या किल्ल्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आठशे वर्षांच्या चर्चमध्ये डोकावलेसुद्धा नाहीत. प्रत्येक गावात चर्चबाहेरच्या थडग्यांमधून काठी टेकत फिरायचे, फाटकापासून रस्त्यापर्यंत पावलं मोजायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे.

चौथ्या गावात हेस्टर वैतागली. "बाबा, पावसात भिजत ही कसली सहल? आत चला, निदान त्या रंगीत काचा तरी बघा."

"काचा बघितल्यात गं आयुष्यभर. तू थर्मासमधला चहा काढ."

पाचव्या गावात मात्र ते बराच वेळ रमले. परतताना त्यांचा डोळा लागला. वाटेत मेंढ्या आडव्या आल्या म्हणून तिने ब्रेक दाबला, तशी त्यांच्या मांडीवरची वही घसरून खाली पडली.

तिने ती उचलली. चार गावांच्या नावांवर काट मारली होती. पाचव्यापुढे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं,



"बस फाटकाशीच थांबते. चढ नाही. जागेशेजारी बाक आहे. विनीला एकटीला येता येईल."