चौदा मे

नागपूरच्या वॉटर पार्कला जायचं ठरलं, तेव्हा चौघी मैत्रिणींचा तारखेवरून वाद झालाच नाही. चौदा मे, श्रुतिकाचा विसावा वाढदिवस. आधार कार्डावर तीच तारीख असली की पार्कवाले तिकीट मागत नाहीत. बालाघाटहून निघणारी पहाटेची बससुद्धा रचनाने बघून ठेवली.

श्रुतिकाने घरी सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"चौदाले नोको जाऊ. दुसऱ्या दिवशी जाय."

"काहून? माहा बड्डे हाय त्या दिवशी."

"तुहा नाही."

मग सुपातले खडे वेचता वेचता, शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तशी आईने सांगितलं. पहिली पोरगी सव्वा वर्षाची असताना तापाने गेली. पुढच्या वर्षी भाताच्या रोवणीत ही झाली, घरीच. शाळेत घालताना जन्माचा दाखला मागितला. घरात एकच होता.

"तुह्या बापानं तोच देल्ला. तोवरी तुले छोटीच म्हणत होतो. त्याच्यावरचं नाव मंग तुलेच पडलं."

"अन् मी कोणत्या तारखेची?"

"रोवणी चालू होती. तारीख कोन लिहून ठेवते?"

दर चौदा मेला आई खीर करायची आणि स्वतः चमचाभरही खायची नाही. का, ते श्रुतिकाला आता कळलं. तरी काहीच वाटलं नाही.

मोबाइल वाजला. रचनाचा मेसेज होता : "चौदा पक्कं ना? बर्थडे गर्लचं तिकीट नाही काढत मग."

श्रुतिकाने लिहिलं, "पक्कं. तिचं नोको काढू. माहं काढ."